शीकचा ‘रिस्के’ (१९७९): पहिल्या गाण्यावर नाचून बाजूला ठेवलेला अल्बम

सुरंगी

माझा मामा बोटीवर होता. १९७९ च्या अखेरीस तो न्यू यॉर्कहून वेंगुर्ल्याला आला, तेव्हा त्याच्या ट्रंकेत साबण, चॉकलेटं आणि टेरिकॉटच्या कापडाखाली एक लाँगप्ले होती. मी तेव्हा नऊ वर्षांची. कव्हर पाहून वाटलं, आजोबांच्या काळातली काहीतरी जुनी तबकडी असणार. जुन्या फोटोचा रंग, १९३० च्या सुमाराचे कपडे, रहस्यकथेत शोभेल असा दिवाणखाना. सुई ठेवली आणि आतून निघालं ‘गुड टाइम्स’.

पुढची कित्येक वर्षं आम्ही भावंडांनी त्या तबकडीचं फक्त पहिलं गाणं वाजवलं. गणपतीत आरत्या आटोपल्यावर, लग्नघरात, मे महिन्यात मुंबईची मंडळी आली की. बाकीची सहा गाणी कोणी ऐकलीच नाहीत. गेल्या पावसाळ्यात भावाने प्लेअर दुरुस्त करून आणला आणि मी पहिल्यांदा सबंध तबकडी शांत बसून ऐकली. सुमारे ३७ मिनिटं. उठून परत पहिल्यापासून लावली. हा धागा त्यासाठीच काढलाय.

ज्यांना शीक हा न्यू यॉर्कचा डिस्को बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गिटारवर नाइल रॉजर्स, बेसवर बर्नार्ड एडवर्ड्स, ड्रमवर टोनी थॉम्पसन. गायिका आल्फा अँडरसन आणि लुसी मार्टिन. ‘रिस्के’ हा त्यांचा तिसरा स्टुडिओ अल्बम, ३० जुलै १९७९ ला अटलांटिक रेकॉर्ड्सने काढला. आधीच्या वर्षी ‘ल फ्रीक’ गाजलेलंच होतं. डिस्कोचे बँड त्या काळात पुष्कळ होते, पण रॉजर्स आणि एडवर्ड्स यांचा गाणं लिहिताना एक नियम असे. प्रत्येक गाण्यात ‘डीप हिडन मीनिंग’ हवा, खोल दडलेला अर्थ. दोघं त्याला थोडक्यात डीएचएम म्हणत. एकाने गाणं आणलं की दुसरा विचारायचा, यात डीएचएम काय? उत्तर देता आलं नाही तर ते गाणं पुढे जात नसे.

आता ‘गुड टाइम्स’चे शब्द नीट ऐका. सुखाचे दिवस परत आलेत, असं दोघी गातात. पण ही ओळ १९२९ मधल्या ‘हॅपी डेज आर हिअर अगेन’ या गाण्याची आठवण आहे, जे रूझवेल्टने १९३२ च्या निवडणुकीत प्रचारगीत म्हणून वापरलं. म्हणजे ऐन महामंदीत. भेटायची वेळ पावणेदहा सांगतात, त्यात १९३५ च्या अल जॉल्सनच्या ‘पावणेनऊ’ची सावली आहे. नाच कुठला, तर जिटरबग. बेत कसला, तर शिंपल्यातल्या तिसऱ्या (खायचे शिंपले) आणि चाकांचे बूट. मध्येच एक ओळ येते की वेड्या, नशीब काही तुला बदलता येणार नाही. आणि हे सगळं त्या दोघी सरळ, थंड आवाजात गातात. एक मुरकी नाही, एक हुंदका नाही.

१९७९ ची अमेरिका आठवा. इराणमधल्या क्रांतीनंतर पेट्रोलपंपांवर रांगा, महागाई ११ टक्क्यांच्या वर, न्यू यॉर्क शहर चार वर्षांपूर्वीच दिवाळखोरीच्या काठावर जाऊन आलेलं. तेव्हा कव्हरवरचे १९३० च्या दशकातले कपडे हौसेखातर नव्हते. आजची मंदी दाखवायला त्यांनी कालच्या मंदीचे कपडे घातले होते. आम्ही दहा वर्षं यावर नाचलो आणि हे एकदाही कानावर आलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कोणी हा अल्बम सबंध ऐकलाय का? दुसऱ्या बाजूवर बोलायला मला माणसं हवी आहेत.

लग्गी

ताई, सुंदर लिहिलंत. मी तबला-ढोलकीचा माणूस, इंग्रजी शब्द फारसे कळत नाहीत, म्हणून ठेक्याचंच बोलतो.

तुमचा धागा वाचून ‘गुड टाइम्स’ पाच-सहा वेळा ऐकलं. बेसची ओळ मोजून पाहा. चार-चार मात्रांचे चार खंड, सोळा मात्रांत आवर्तन पुरं. आठ मात्रा एका स्वरमेळात (कॉर्डमध्ये), आठ दुसऱ्यात. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेपासून, तीन ठोके येतात, एकाच स्वराचे, धा-धा-धा म्हणा हवं तर. आणि चौथी मात्रा मोकळी! मग ओळ चालायला लागते, वर चढते, फिरते आणि पुन्हा समेवर ते तीन ठोके.

ती मोकळी मात्रा काढून टाका आणि पाहा काय होतं. गाणं मरतं. आम्ही शिकत होतो तेव्हा गुरुजी म्हणायचे, वाजवतोस ते ऐकू येतंच, सोडतोस ते ऐकू येऊ दे. या बेसवाल्याला ते पुरतं कळलेलं होतं.

बेसवाला_सांगली

लग्गीदादा, अगदी बरोबर. मी वीस वर्षं ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवली. गावोगावच्या जत्रा, गणेशोत्सव, हळदी. ही ओळ मी १९९४ मध्ये कॅसेट मागे-पुढे करून बसवली. स्वर दोन तासांत बसले. लचक यायला दोन वर्षं लागली.

पहिले तीन ठोके मी मन लावून जोरात मारायचो, तिथेच चुकत होतं. एडवर्ड्सचे ठोके जड आहेत पण आखूड आहेत. स्वर लावला की लगेच दाबून बंद. लांबवला की पुढची मोकळी मात्रा भरून जाते आणि सगळा चिखल होतो.

या ओळीच्या जन्माची हकिकत नाइल रॉजर्सनी मुलाखतींत सांगितली आहे. स्टुडिओत रॉजर्स आणि थॉम्पसन गाणं वाजवत बसले होते, एडवर्ड्स उशिरा आला. त्याने बेस उचलली आणि रॉजर्स वाजवता वाजवताच ओरडले, ‘वॉक!’ जॅझमध्ये पायरी-पायरीने चालणाऱ्या बेसला वॉकिंग बेस म्हणतात, तसं चाल. तो चालायला लागला, आणि ते चालणं अजून थांबलेलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. लोक रॉजर्सच्या गिटारचं कौतुक करतात, ते रास्तच आहे. पण उजव्या हाताने दर चार मात्रांचे सतत सोळा भाग करत, डाव्या हाताने तारा दाबत-सोडत वाजवायची ती ‘चकिंग’ची पद्धत रॉजर्सना एडवर्ड्सनेच दाखवली. रॉजर्स तेव्हा जाड पोकळ जॅझ गिटार वाजवत. एडवर्ड्सने त्यांना ती सोडून स्ट्रॅटोकास्टर ही भरीव इलेक्ट्रिक गिटार घ्यायला लावली. म्हणजे या अल्बमची बेसच नव्हे, गिटारसुद्धा अर्धी त्याचीच.

निषाद

मला थोडं वेगळं म्हणायचंय, कोणी वाईट वाटून घेऊ नका. दोन स्वरमेळांवर आठ मिनिटं? रागसंगीतात एका रागावर तासभर बसतात हे मान्य, पण तिथे बढत असते, राग हळूहळू उलगडत जातो. इथे बढत कुठे आहे? मला तिसऱ्या मिनिटानंतर ऐकवत नाही. अल्बम ऐकला. ‘माय फॉरबिडन लव्हर’ आवडलं, बाकीचं येतं आणि जातं.

सुरंगी

निषाद, प्रामाणिक मताबद्दल आभार. मधला भाग पुन्हा एकदा हेडफोन लावून ऐकाल का? वाद्यं एकेक करून बाजूला होतात आणि मग एकेक करून परत येतात. गिटार आली, पियानो आला, शेवटी व्हायोलिनं आली. बढत स्वरांत नाही, थरांत आहे. गर्दी केल्यासारखी सगळी वाद्यं एकदम वाजत नाहीत, जो तो आपल्या जागेवर.

हाच मधला उघडा भाग पुढे साऱ्या जगाने उचलला, त्यावर कोणीतरी सविस्तर लिहा.

जर्सीकर

लिहितो. मी राहतो तिथून न्यू जर्सीतलं एंगलवुड अर्ध्या तासावर. याच गावात सिल्व्हिया रॉबिन्सनची शुगर हिल रेकॉर्ड्स कंपनी होती. १९७९ च्या सप्टेंबरात, म्हणजे ‘रिस्के’ बाजारात आल्यावर दोनच महिन्यांत, तिथून ‘रॅपर्स डिलाइट’ निघालं. तीन पोरं बोलतायत आणि खाली वाजतंय ‘गुड टाइम्स’. बेस त्यांनी स्टुडिओतल्या वादकांकडून नव्याने वाजवून घेतली होती. ब्राँक्समधले डीजे तर आधीपासूनच दोन तबकड्या घेऊन असले उघडे भाग पुन्हा पुन्हा फिरवत होते, कारण त्यावर बोलायला जागा मिळते.

रॉजर्सनी ते एका क्लबात ऐकलं आणि आपलीच व्हायोलिनं त्यांना ओळखू आली. कोर्टाची भाषा झाली, तडजोड झाली, आणि त्या गाण्याचे लेखक म्हणून रॉजर्स आणि एडवर्ड्स यांची नावं लागली. रॅप गाणं अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या चाळिसात जाण्याची ती पहिली वेळ. म्हणजे हिपहॉपच्या घराचा पाया ज्या जमिनीवर घातला गेला, तिचा सातबारा शीकच्या नावावर आहे.

पुढच्या वर्षी क्वीनचं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ आलं. त्यांचा बेसवादक जॉन डीकन शीकबरोबर स्टुडिओत जाऊन बसला होता. समेवरचे ते ठोके ऐका, नातं लगेच कळेल. १९८१ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश या डीजेने तबकड्या फिरवून जे सात मिनिटांचं काम केलं, त्यात ‘गुड टाइम्स’ आणि क्वीनचं हे गाणं दोन्ही आहेत. आई आणि लेकरू एकाच घरात.

पावसाळी

+१ सगळ्यांना. पण १२ जुलै १९७९ बद्दल बोलल्याशिवाय हा अल्बम समजणार नाही असं मला वाटतं.

त्या रात्री शिकागोच्या कॉमिस्की पार्कमध्ये बेसबॉलचे दोन सामने होते. स्टीव्ह डाल नावाच्या रेडिओ निवेदकाने जाहीर केलं की एक डिस्को तबकडी घेऊन या आणि ९८ सेंटमध्ये आत या. दोन सामन्यांच्या मधल्या वेळात मैदानात त्या तबकड्यांची पेटी स्फोटाने उडवली. हजारो लोक मैदानात घुसले, गवत जळलं, दुसरा सामना होऊच शकला नाही आणि यजमान संघाला तो सोडून द्यावा लागला. ‘डिस्को डिमॉलिशन नाइट’ म्हणतात तिला.

तिथे आलेल्या तबकड्या सगळ्या डिस्कोच्या नव्हत्याच. सोल होतं, फंक होतं, कृष्णवर्णीय कलाकारांचं जे हाती लागलं ते होतं. मैदानात त्या रात्री काम करणाऱ्या एका कृष्णवर्णीय पोराने नंतर हेच सांगितलं. डिस्को वाढलं ते न्यू यॉर्कच्या कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी लोकांच्या क्लबांत. स्फोट कशाचा होता हे वेगळं सांगायला नको. रॉजर्सनी त्याची तुलना पुस्तकांच्या होळीशी केली आहे.

आता तारखा लावून पाहा. १२ जुलैला स्फोट. ३० जुलैला ‘रिस्के’ बाजारात. १८ ऑगस्टला ‘गुड टाइम्स’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. पुढच्याच आठवड्यात खाली, आणि तिथे नॅक या बँडचं ‘माय शरोना’, सलग सहा आठवडे. त्यानंतर शीकचं एकही गाणं अमेरिकेच्या पहिल्या चाळिसात गेलं नाही. १९८३ पर्यंत बँड विखुरला.

मी दर वेळी ‘गुड टाइम्स’ ऐकते तेव्हा हा एकच आठवडा डोळ्यांपुढे येतो. एवढं मोठं काम, आणि त्याला मिळालेले सात दिवस.

शिवोली

माझे आजोबा गोव्याहून मुंबईला आले आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात आयुष्यभर व्हायोलिन वाजवलं. त्या काळच्या गोंयकार वादकांची गोष्ट सगळ्यांना ठाऊकच आहे. स्वरलिपी वाचणारे, कॉयरमध्ये शिकलेले, पडद्यावर कुठेच नाव नसलेले.

म्हणून मी ‘रिस्के’वर व्हायोलिनं आधी ऐकतो. नावं छापली आहेत! शीक स्ट्रिंग्ज: मॅरिअन कॅरल, शेरिल हाँग, कॅरन मिल्नी. प्रमुख जीन ऑर्लॉफ. आजोबांच्या हाती हे कव्हर आलं असतं तर त्यांनी नावांवरून बोट फिरवलं असतं, गाणं नंतर ऐकलं असतं.

वाजवणं पाहा. डिस्कोच्या इतर बँडांत व्हायोलिनं रेशमी पडद्यासारखी मागे लोंबतात. इथे ती टोचतात. छोटी फेक, लगेच गप्प. जणू ताशाच्या काड्या. आणि ‘विल यू क्राय’मध्ये तीच व्हायोलिनं एकदम लांब श्वास घेतात. सुरंगी, दुसऱ्या बाजूचं विचारत होतीस, मला ती बाजू याच गाण्यासाठी हवी असते.

सुरंगी

शिवोली, अगदी मनातलं बोललास. ‘विल यू क्राय’ आल्फा अँडरसनने गायलंय. पहिल्या बाजूवर जिने आवाज मुद्दाम सपाट ठेवला, ती इथे मोकळी होते, पण तरीही रडत नाही. हे गाणं ऐकलंस की रडशील का, असं विचारते, स्वतः मात्र कोरडी राहते. मला त्या कोरडेपणानेच भरून आलं.

आल्फाबाई मूळच्या जॉर्जिया राज्यातल्या. शिक्षिका होत्या, आणि शीकनंतर पुन्हा शिक्षणाकडेच गेल्या, ब्रुकलिनमध्ये एका शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये वारल्या. ती बातमी वाचली त्या दिवशी मी हे गाणं लावून स्वयंपाक केला.

आता ‘माय फीट कीप डान्सिंग’बद्दल कोणी बोललंच नाही अजून!

लग्गी

मी त्याचीच वाट बघत होतो. गाण्याच्या मध्यावर जिथे दुसरा कोणीही सॅक्सोफोन नाहीतर गिटार घुसवेल, तिथे यांनी पाय वाजवलेत. टॅप नाच. बुटाच्या तळाला धातूची पत्री असते तिचा आवाज. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. लावणीत ढोलकी थांबते आणि नाचणारीचे चाळ एकटे बोलायला लागतात, नेमकी तीच जागा. कथकातला तत्काराचा भागही तसाच. पाय हे वाद्य आहे, हे मला कोणी पटवून द्यायची गरज नाही, पण डिस्कोच्या तबकडीवर ते भेटेल असं वाटलं नव्हतं.

कोण नाचलंय ते कोणाला माहीत आहे का?

जर्सीकर

लग्गीदादा, तिघांची नावं आहेत: फयार्ड निकोलस, युजीन जॅक्सन आणि सॅमी वॉरन. फयार्ड म्हणजे निकोलस बंधूंपैकी थोरला. १९४३ च्या ‘स्टॉर्मी वेदर’ चित्रपटात दोघे भाऊ एकमेकांवरून उड्या मारत जिना उतरतात आणि दर पायरीवर पाय फाकवून बसत उठतात, तो तुकडा नक्की बघा. युजीन जॅक्सन मूकपटाच्या जमान्यातला बालकलाकार. त्या दोघांच्या तरुणपणी हॉलिवूडने कृष्णवर्णीय नर्तकांना पाच मिनिटांचा नाच दिला, कथेत जागा दिली नाही.

१९७९ मध्ये फयार्डची साठी उलटून गेली होती. सव्वीस वर्षांच्या रॉजर्स-एडवर्ड्सनी त्यांना बोलावलं आणि त्यांचे पाय ध्वनिमुद्रित केले. कव्हरवरची मंदी नुसती पोशाखापुरती असती तर हे केलं नसतं. त्या काळातली जिवंत माणसंच त्यांनी तबकडीत आणून बसवली.

सुरंगी

जर्सीकर, हे मला माहीत नव्हतं. माहीत नसताना मी डीएचएमवर एवढं लिहिलं. ही तर त्याची सर्वात मोठी खूण निघाली.

निषाद

तुमच्या सांगण्यावरून काल रात्री हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. ‘गुड टाइम्स’बद्दल माझं मत थोडं हललंय. वाद्यं परत येतात तेव्हा प्रत्येकाची जागा इतकी स्वच्छ आहे की बोट ठेवून दाखवता येते. याचं श्रेय ध्वनिमुद्रकाला द्यायला हवं ना?

पण ‘कान्ट स्टँड टू लव्ह यू’ अजूनही मला अपुरं वाटतं. तीन मिनिटांचंही नाही, आणि शेवटचं ‘व्हॉट अबाउट मी’ संपवायला म्हणून ठेवल्यासारखं.

बेसवाला_सांगली

निषाद, त्या दोन गाण्यांबद्दल मीही भांडणार नाही. पहिली बाजू डोंगर आहे, दुसऱ्या बाजूला चढउतार आहेत.

ध्वनिमुद्रक बॉब क्लिअरमाउंटन. स्टुडिओ मॅनहॅटनमधलं पॉवर स्टेशन, पश्चिम ५३ व्या रस्त्यावर. वीज कंपनीची जुनी इमारत होती, म्हणून ते नाव. १९७७ ला सुरू झालेला. टोनी थॉम्पसनचे ड्रम तिथल्या खोलीत कसे उमटलेत ते बघा, कोरडे पण रिकामे नाहीत. पुढे डेव्हिड बोवीचा १९८३ चा ‘लेट्स डान्स’ आणि मॅडोनाचा १९८४ चा ‘लाइक अ व्हर्जिन’ रॉजर्सनी तिथेच केले. ज्यांना डिस्को मेलं असं वाटत होतं ते पुढची सगळी वर्षं याच माणसाच्या गिटारवर नाचत होते. डाफ्ट पंकचं २०१३ चं ‘गेट लकी’ धरा त्यात.

एडवर्ड्सचं मात्र वाईट वाटतं. १९९६ च्या एप्रिलमध्ये टोकियोच्या बुडोकानमध्ये रॉजर्सबरोबर कार्यक्रम होता. अंगात ताप असताना वाजवला. रात्री हॉटेलच्या खोलीतच वारला, न्यूमोनियाने. ४३ वय. तो कार्यक्रम ध्वनिमुद्रित आहे. मी एकदाच ऐकलाय. समेवरचे तीन ठोके तितकेच आखूड, तितकेच नेमके.

पावसाळी

😔 थॉम्पसनही २००३ मध्ये गेला, ४८ व्या वर्षी.

तळ्याकाठी

कालपासून वाचतेय, आज खातं उघडून लिहितेय. मी पुण्यात नववी-दहावीच्या मुलांना इतिहास शिकवते. महामंदीच्या धड्याला हे गाणं वर्गात लावलं तर चालेल का? मुलांना रॅप आवडतं, तिथून मागे येता येईल असं वाटतं. शब्दांत काही आक्षेपार्ह नाही ना?

सुरंगी

तळ्याकाठी, जरूर लावा. ‘गुड टाइम्स’च्या शब्दांत वर्गात अडचण यावी असं काही नाही. आधी १९२९ चं मूळ गाणं ऐकवा, मग हे, मग ‘रॅपर्स डिलाइट’ची पहिली दोन मिनिटं. मुलं काय म्हणाली ते इथे येऊन लिहा, मी वाट बघेन.

लग्गी

माझा शेवटचा एक प्रश्न. मी पाहतोय ती फीत मध्येच तुटते. आठ मिनिटांनंतर हे संपतं कसं? तिहाई घेऊन, म्हणजे तोच तुकडा तीनदा वाजवून, समेवर येतात की काय?

सुरंगी

नाही दादा. तबकडीवर तिहाई नाही, समही नाही. आवाज हळूहळू कमी होत जातो. अगदी शेवटी, सुई आतल्या रिकाम्या खोबणीकडे जायच्या आधी, कान लावला तर बेस अजून चाललेली ऐकू येते.